आले म्हणजे जाणे

परीक्षणासाठी पुस्तकाच्या दोन प्रती पाठवाव्यात, असा आपल्याकडे जुना रिवाज आहे. एक प्रत परीक्षकाने ठेवायची आणि दुसरी, न वाचता, कुणाच्या तरी मुंजीत द्यायची. प्रस्तुत पुस्तकाची एकही प्रत मला कुणी पाठवलेली नाही. ती मी पदरचे पैसे मोजून घेतली आणि, परीक्षकांच्या परंपरेला सोडून असलं तरी सांगतो, वाचलीही. अगदी सगळी नव्हे. हे पुस्तक सगळं वाचलेला माणूस फ्रान्समध्येही नसावा. त्यात 12000 क्रियापदं आहेत. एवढी पात्रं नावानिशी उभी करण्याचं धाडस व्यासांनीही केलेलं नाही. बरं, क्रियापद म्हणजे काही तरी करणारा शब्द. असे बारा हजार कर्तबगार शब्द एकत्र आले आहेत आणि पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत काहीही घडत नाही. सरकारी कचेरीत तेहतीस वर्षं काढल्यामुळे मला याचं नवल वाटलं नाही.

पुस्तकाला लोक 'बेशेरेल' म्हणतात. हे माणसाचं नाव. लुई-निकोला बेशेरेल (1802-1883) या व्याकरणकाराने भावाच्या मदतीने 1842 साली क्रियापदं चालवण्याचं एक पुस्तक काढलं. माणूस गेला, पुस्तकं बदलत गेली, पण नाव राहिलं. आज फ्रान्समधलं पोर शाळेत जाताना दप्तरात 'एक बेशेरेल' घेऊन जातं. आपल्याकडे हे भाग्य दादोबा पांडुरंग तर्खडकरांचं (1814-1882). त्यांचं मराठी भाषेचं व्याकरण 1836 सालचं. म्हणजे या बाबतीत आपण सहा वर्षं पुढे होतो. फ्रेंचांची व्याकरणं त्याच्याही कितीतरी आधीपासून होती, असं माझा जावई म्हणतो. मी ते मनावर घेतलेलं नाही.

जावई फ्रेंच आहे, हे ओघात आलंच. मुलगी लग्न करून लियाँला राहते. नात तिथेच जन्मली. तिच्याशी घरात मराठीच बोलायचं, असं कागदावर ठरलं होतं. ते पाळणाघराच्या पहिल्या महिन्यातच विरघळलं. उरलं ते 'ये', 'बस', 'दूध', 'नको' आणि 'आजी'. एवढ्या भांडवलावर तीन वर्षांपूर्वीच्या डिसेंबरात, साडेचार वर्षांची असताना, ती महिनाभर पुण्याला आली.

आमच्या हिने तिच्यासाठी दोन महिने आधीपासून तयारी केली होती. बेसनाचे लाडू, गुळपापडी, खारे शंकरपाळे, गोडे शंकरपाळे. पहिले दोन दिवस पोरगी आजीच्या पदराला धरून हिंडली. तिसऱ्या दिवसापासून स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी थबकायला लागली. दाराशी उभी राहून 'आजी!' अशी हाक मारायची. आत हिचे हात कणकेत. ती तिथूनच ओरडायची, "आले, आले!" की पोरगी मान खाली घालून वळायची आणि झोपाळ्यावर जाऊन बसायची. मग हाकही थांबली. कुणी म्हणालं हवा बदलली, कुणी म्हणालं पाणी बाधलं. मी माझ्याकडच्या साबुदाण्याच्या गोळ्या दिल्या. त्या तिने आवडीने खाल्ल्या, आणि पुन्हा झोपाळ्यावर.

पाचव्या रात्री मुलीने तिला जवळ घेऊन विचारलं. बरीच कुजबूज झाली. मग मुलगी आधी फिसकन हसली आणि आईच्या तोंडाकडे बघून गप्प झाली.

"आई, ती म्हणतेय, आजी मला सारखी जा म्हणते."

"मी?" ही पाटावर बसलीच. "मी कशाला तिला जा म्हणीन?"

"अगं, तू 'आले, आले' म्हणतेस ना? फ्रेंचमध्ये 'आले' म्हणजे जा. चला, निघा, आटपा. आम्ही तिला रोज रात्री 'आले, ओ ली' म्हणतो. म्हणजे चला, अंथरुणात."

त्या रात्री ही जेवली नाही. दोन महिने लाडू वळायचे आणि पोरगी दाराशी आली की तिला हाकलायचं, तेही प्रेमाने, तेही दिवसातून दहा वेळा! जावयाने सासूची समजूत घालायचा प्रयत्न केला. हा काही वाईट शब्द नाही, आमच्याकडे जुलैत सायकलींची मोठी शर्यत असते, सायकलवाले आल्प्सचे घाट चढायला लागले की लोक रस्त्याच्या कडेला उभे राहून 'आले! आले!' असंच ओरडतात, असं त्याने सांगितलं. ही म्हणाली, "मग तिला सायकल घेऊन द्या."

माझ्या घरात शिरून माझ्या बायकोच्या 'आले'चा अर्थ 'जा' असा लावणारं हे क्रियापद आहे तरी कोण, हे बघायचं मी त्याच रात्री ठरवलं. परीक्षणामागची भूमिका म्हणतात ती ही. ती निःपक्षपाती नाही, हे आधीच कबूल केलेलं बरं.

आता पुस्तकाकडे वळू.

प्रत्येक पानावर एक क्रियापद आणि त्याचे सगळे काळ. मी वर्तमानकाळाच्या पुढे गेलो नाही. माझ्या वयाला तेवढा पुरे. वर्तमानकाळात सहा घरं असतात: मी, तू, तो, आम्ही, तुम्ही, ते. आरंभ 'मी'पासून. शाळेत 'पठति, पठतः, पठन्ति' घोकलेल्या माणसाला हे जरा उर्मट वाटतं. संस्कृतात पहिला मान 'तो'चा. 'मी' शेवटच्या पंगतीला बसतो. अर्थात शेवटी बसूनही स्वतःला उत्तमपुरुष म्हणवून घेतो, ही गोष्ट वेगळी.

व्यक्तिचित्रणाच्या दृष्टीने पुस्तकातली दहातली नऊ क्रियापदं एकाच वळणाची आहेत. ती एका घराण्यातली. उदाहरणार्थ 'पार्ले', म्हणजे बोलणे. विलेपार्ल्याला राहणारा माझा मेहुणा हे ऐकून अतिशय खूष झाला. हे क्रियापद चालवायचं ते असं: ज पार्ल, त्यू पार्ल, इल पार्ल, नू पार्लों, वू पार्ले, इल पार्ल. ऐकायला सोपं आहे. सहा घरांत चार ठिकाणी 'पार्ल'. मी म्हटलं, जिंकलं! मग लिहून बघितलं. 'मी'च्या 'पार्ल'ला शेवटी एक अक्षर, 'तू'च्या 'पार्ल'ला वर आणखी एक, आणि 'ते'च्या 'पार्ल'ला शेपटीला तीन. त्यातलं एकही उच्चारायचं नाही. लिहायचं, आणि गप्प बसायचं.

ही तीन अक्षरं मी ओळखली. आमच्या कचेरीत एक गृहस्थ होते. सकाळी हजेरीपटावर सही करायचे, खुर्चीच्या पाठीला कोट अडकवायचे आणि दिसेनासे व्हायचे. कोट दिवसभर काम करायचा. फ्रेंच क्रियापदाची शेपटी म्हणजे असा कोट आहे. कधी काळी त्यात माणूस होता. ही अक्षरं जुन्या काळी उच्चारली जात होती. जिभेने ती सोडून दिली, पण लेखणीने हजेरीपटावरून नाव काढलं नाही. गंमत म्हणजे, प्रश्न विचारताना वाक्य उलटं फिरवलं, 'बोलतात का ते?' असं केलं, की त्यातला 'त' खडबडून जागा होतो आणि 'पार्लतील' असा आवाज देतो. साहेबांची फेरी आली की आमचे गृहस्थही असेच कुठूनसे कोट घालून हजर व्हायचे.

याचा एक परिणाम मात्र लक्षात घेण्यासारखा आहे. आपण नुसतं 'जातोस?' म्हटलं तरी पुरतं. विचारलेला एकटा आहे, पुरुष आहे आणि आपल्या सलगीतला आहे, हे सगळं त्या तीन अक्षरांत आलं. फ्रेंच माणसाला असं म्हणता येत नाही. कानाला रूपं सारखीच वाटत असल्यामुळे दरवेळी पुढे 'मी', 'तू', 'तो' लावावंच लागतं. आपल्याकडे जे काम शेपटी करते ते तिकडे डोकं करतं, आणि शेपटी निवृत्तिवेतन घेते.

उलट बाजूही सांगितली पाहिजे. फ्रेंच वर्तमानकाळ बोलणारा बाई आहे की बुवा, याची चौकशी करत नाही. आपला करतो. माझा जावई मराठी शिकला ते बायकोकडून. त्यामुळे सहा फूट उंचीचा आणि दाढी राखलेला हा गृहस्थ आमच्या दारात उभा राहून पहिल्यांदा म्हणाला, "नमस्कार बाबा, मी आले." शेजारची मंडळी खास बघायला जमली होती. त्यांचं पुढचं आठवडाभराचं भागलं. मी हसणार होतो, पण त्याच संध्याकाळी तो माझं फ्रेंच ऐकून हसला नाही. तेव्हा मीही तो विषय बंद केला.

आता मुख्य आरोपी. 'आले', म्हणजे जाणे.

हे 'पार्ले'च्याच घराण्याचं नाव लावतं. मूळ रूपाची शेवटची अक्षरं तीच. पण वागणूक बघा: ज वे, त्यू वा, इल वा, नू झालों, वू झाले, इल वों. त्या हजारोंच्या घराण्यात इतकं बिघडलेलं हे एकटंच. 'मी' कुठे, 'आम्ही' कुठे! वर्तमानकाळाच्या सहा घरांत दोन वेगवेगळे धातू भाडेकरूसारखे राहतात. चार घरांतला 'वा' लॅटिनमधल्या 'वादेरे'चा. उरलेल्या दोन घरांतला 'आल्' नक्की कुठला, याबद्दल पंडितांचं अजून एकमत नाही. आणि भविष्यकाळात गेलं की तिसराच 'इरा' दार उघडतो. तो लॅटिन 'इरे'चा, म्हणजे आपल्या 'एति'च्या भाऊबंदांतला.

शिवाय पुढे स्वर आला की मधली मुकी अक्षरं बोलायला लागतात. त्यामुळे 'आम्ही जातो' याचं 'नू झालों' होतं आणि 'तुम्ही जाता' याचं 'वू झाले'. मराठी कानाला काय वाटत असेल याचा विचार या लोकांनी केलेला दिसत नाही. आले म्हणजे जाणे, झाले म्हणजेही जाणे! आणि 'तो जातो' म्हणजे 'इल वा'. माणूस निघाला की यांचं 'वा!'. काही पाहुण्यांच्या बाबतीत ही भावना मी समजू शकतो.

इथवर लिहून मी मोठ्या समाधानाने मुलीला वाचून दाखवलं. तिने शांतपणे विचारलं, "बाबा, तुम्ही आज 'जातो' म्हणता. काल काय म्हणाला असतात? 'जालो'?"

मी गप्प. काल आपण 'गेलो' म्हणतो. 'जातो' आला संस्कृतातल्या 'याति'कडून आणि 'गेलो' आला 'गत'कडून. म्हणजे आमच्याही घरात दोन भाडेकरू, आणि जन्मभर मला त्याचा पत्ता नाही. कोट अडकवणाऱ्या गृहस्थांची तक्रार घेऊन मी साहेबांकडे गेलो होतो, तेव्हा साहेबांनी माझाच हजेरीपट काढला होता, त्याची आठवण झाली.

पुढचा धक्का हिने दिला. "मी आता 'आले' म्हणणारच नाही," असं तिने जाहीर केलं होतं. "'येते' म्हणेन." दुसऱ्या दिवशी नात पुन्हा भीत भीत उंबऱ्याशी आली. हाक मारली. आतून ही गोड आवाजात म्हणाली, "येते हं बाळ!" पोरीचा चेहरा रडवेला झाला. आता काय झालं, कुणाला कळेना. मग लक्षात आलं. गेले पाच दिवस तिची आई बाहेर पडताना रोज उंबऱ्यात 'आई, येते गं' म्हणत होती आणि दार ओढून नाहीशी होत होती. पोरीने बघून बघून अर्थ लावला होता: 'येते' म्हणजे चालले. आणि तो चुकीचा तरी कसा म्हणायचा? आपल्याकडे निघताना 'जाते' म्हणायचं नाही, हे आपणच घालून घेतलेलं. जाताना 'येते' आणि यायच्या आधी 'आले'!

हे मला कुणी बेशेरेलच्या पानावर मांडून दाखवलं असतं, तर या जमातीला वर्तमानकाळ आहे तरी का, असं मी परीक्षणात विचारलं असतं. जी अजून आलेली नाही, कणकेत हात घालून आत बसली आहे, ती भूतकाळ वापरते. जो चपला घालून जिन्यात पोचला आहे, तो परत येण्याचा वर्तमानकाळ वापरतो. आणि 'कसं काय?' विचारलं तर आपण 'चाललंय' म्हणतो. फ्रेंच माणूसही भेटला की 'सा वा?' म्हणतो, म्हणजे 'चाललंय?', आणि उत्तरही 'सा वा'. प्रश्न तोच, उत्तर तेच, आणि खरं काय चाललंय ते दोघांनीही सांगायचं नाही. सभ्यता इथून तिथून सारखीच.

तरी एका बाबतीत माझी तक्रार कायम आहे. 'नू झालों' म्हणजे आम्ही जातो, की आपण जातो? फ्रेंचमध्ये ते कळत नाही. आपल्याकडे 'आम्ही' म्हटलं की समोरचा घरी राहिला आणि 'आपण' म्हटलं की त्याचीही पिशवी भरली. हा फरक केवढा मोठा आहे, हे सिनेमाला न नेलेल्या कुठल्याही पोराला विचारा. मात्र बोलताना फ्रेंच लोक 'नू'ला बाजूला सारून 'ओं' नावाचं एक सर्वनाम वापरतात. 'ओं वा' म्हणजे आपण जातो. 'ओं नी वा' म्हणजे चला, निघू या. ते चालतं एकवचनी 'तो'सारखं, पण वागतं बरंचसं आपल्या 'आपण'सारखं. कोष्टकात त्याला स्वतःचं सातवं घर नाही, 'तो'च्या खोलीत पथारी टाकून राहतं. माझ्या मते सहाही घरांत हेच एक माणसांत राहिलेलं आहे.

आणि त्या 'आले'चाही नीट विचार केल्यावर मला वाटतं की त्याला 'जा' म्हणणं हा थोडा अन्याय आहे. झोपायला पाठवायचं असो की घाट चढवायचा असो, शब्द तोच. आपला 'चला' तरी काय वेगळा आहे? 'चला, जेवायला' यातही आहे आणि 'चला, निघा आता' यातही आहे. कुठल्या 'चला'ला ताट असतं आणि कुठल्या 'चला'ला दार, हे आवाजावरून ओळखायचं. नातीला आजीचा आवाज अजून ओळखीचा झाला नव्हता. दोष असलाच तर जवळजवळ सात हजार किलोमीटरांचा होता, शेपटीचा नव्हता.

हे मी हिला समजावून सांगायच्या आत तिने तिचा प्रश्न सोडवला होता. नातीने हाक मारली. आतून काहीच उत्तर आलं नाही. मी म्हटलं, रुसली. तेवढ्यात ही कणकेने भरलेल्या हातांनी उठली, उंबऱ्यापर्यंत आली, पोरीच्या समोर उकिडवी बसली आणि मग म्हणाली, "आले."

चाळीस वर्षांच्या संसारात तिचं 'आले' भूतकाळात खरं ठरण्याची ही पहिलीच वेळ. पोरगी बघत राहिली. आजीच्या भाषेत 'आले' म्हणजे जाणे नाही, आजी समोर असणे, एवढं तिने टिपलं असावं. मग कणकेची चिमणी झाली, साप झाला. त्या दिवशी पोळ्या दोन वाजता झाल्या आणि कुणी तक्रार केली नाही. पुढचे तीन आठवडे दर हाकेला ही उठून उंबऱ्यापर्यंत जात होती. गुडघे दुखतात म्हणून माझ्या हाकेला चाळीस वर्षांत कधी उठली नव्हती, हे मी केवळ नोंद म्हणून सांगतो.

जायच्या दिवशी गाडी खाली उभी होती. बॅगा गेल्या, जावई गेला, मुलगी पाया पडली. ही नातीला म्हणाली, "येते म्हण बाळ. जाते म्हणायचं नाही." पोरीने आईकडे बघितलं, आजीकडे बघितलं, जरा विचार केला आणि म्हणाली, "आजी, आले!"

मराठीत की फ्रेंचमध्ये, मला कळलं नाही. निघाले म्हणाली, की इथेच आहे म्हणाली, की घाटातल्या सायकलवाल्याला म्हणतात तसं आजीलाच धीर देत होती? रात्री बेशेरेल उघडून पाहिलं. सहाच्या सहा घरं शोधली. हे रूप त्यात दिलेलं नाही.

पुस्तकाची ही मोठीच उणीव आहे. एरवी बांधणी मजबूत आहे. छपाईत एकही चूक आढळली नाही. आढळली असती तरी ती मला ओळखता आली नसती. किंमत भारी आहे. तरीही पुस्तक संग्राह्य आहे, अशी शिफारस करतो. विशेषतः ज्यांची मुलंबाळं लांब आहेत त्यांनी ते घरात ठेवावं. कोण येतो आणि कोण जातो, हे त्यावरून कळणार नाही. पण रविवारी संध्याकाळी फोनच्या पडद्यावर नात दिसली की मी 'सा वा?' म्हणतो आणि ती 'चाललंय' म्हणते. एवढं भाषांतर दोन्ही बाजूंना पुरतं.

लिहिता लिहिता पाच वाजले. चहा मागितला. आतून उत्तर आलं, "आले!" आणि पाठोपाठ, "आलं किसतेय हो."

म्हणजे अजून वेळ आहे. क्रियापदाचं आणखी एक पान सहज होईल.